पाऊस-वाऱ्यात तंबू कोरडा कसा राहतो: जागा, ताण आणि हवा

तंबूत सकाळी ओल दिसली की पहिलं खापर कापडावर फुटतं. मग वॉटरप्रूफिंगचा स्प्रे आणला जातो, मारला जातो, आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा ओल. बहुतेक वेळा कापड निर्दोष असतं. जागा चुकलेली असते, वरची शीट सैल पडून आतल्या कापडाला चिकटलेली असते, किंवा ती ओल पावसाची नसतेच. साधारण दर्जाचा तंबू नीट ताणून लावला तर रात्रभराच्या पावसात कोरडा राहतो, आणि महागातला महाग तंबू ढिला लावला तर गळतो. म्हणून या लेखात कापडाबद्दल थोडं आणि ताणाबद्दल बरंच आहे.

आजचे बहुतेक तंबू दुपदरी असतात. आतला पदर म्हणजे इनर. त्याला तळ शिवलेला असतो आणि भिंती जाळीच्या किंवा पातळ, हवा जाऊ देणाऱ्या कापडाच्या असतात. इनर पाऊस अडवत नाही, ते त्याचं कामच नाही. पाऊस अडवते ती बाहेरची फ्लायशीट. दोन्हींच्या मध्ये हवेची पोकळी असते, आणि सगळी गंमत त्या पोकळीत आहे. ती ५ ते १० सेंमी सगळीकडे शाबूत राहिली की निम्मं काम झालं. फ्लाय इनरला जिथे टेकते तिथे तिच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी इनरच्या कापडात उतरतं आणि तिथून थेंब थेंब अंथरुणावर. फ्लाय गळत नसली तरी हे होतं.

तंबूत पाणी चार वाटांनी येतं: वरून पावसाचं, खालून जमिनीचं, बाजूने उडणाऱ्या शिंतोड्यांचं आणि वाऱ्याने आत लोटलेलं, आणि आतून माणसांच्या श्वासाचं. पहिल्या वाटेची काळजी सगळेच घेतात. त्रास बहुधा उरलेल्या तीन वाटांनी होतो.

कापडावरचा आकडा काय सांगतो

तंबूच्या माहितीपत्रकात '३००० मिमी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ त्या कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तेवढ्या दाबापर्यंत पाणी पलीकडे झिरपत नाही. पाण्याचा एक मीटर स्तंभ दर चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम दाब देतो, म्हणजे ३००० मिमीला ३०० ग्रॅम झाले. पडणाऱ्या पावसासाठी फ्लायला १५०० ते ३००० मिमी पुरतात.

तळाचं गणित वेगळं आहे. ६० किलोचा माणूस गुडघ्यांवर बसून पिशवी उपसतोय असं धरा. त्याचं अर्धं वजन दोन गुडघ्यांच्या मिळून ५० चौरस सेंमीवर आलं तर दाब दर चौरस सेंटीमीटरला ६०० ग्रॅम होतो. हा ६००० मिमीचा दाब झाला. खालची माती चिंब असेल तर ३००० मिमीच्या तळातून गुडघ्याखाली ओल वर येणारच. तोच माणूस मॅटवर आडवा झाला की वजन काही हजार चौरस सेंमीवर पसरतं आणि दाब नगण्य होतो. तळ ओला होतो तो झोपल्यामुळे होत नाही. गुडघे, कोपरं आणि सामानाचे कोपरे टेकल्यामुळे होतो. फ्लायसाठी १०००० मिमीचं जाड कापड घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही, नुसतं वजन वाढतं.

जागा

पाऊस सुरू झाल्यावर पाणी कुठून वाहील, ही एकच गोष्ट जागा निवडताना डोळ्यांसमोर ठेवायची. सपाट जागा मोहात पाडते, पण अगदी सपाट जागेवर पाणी हलत नाही. किंचित उतार हवा: तंबूच्या दोन मीटर लांबीत चार-पाच सेंमी पुरे. झोपताना डोकं चढाकडे ठेवायचं.

एकाच दिशेला आडवं झालेलं गवत, काडीकचऱ्याची लांब रेघ, बारीक गाळाचा गुळगुळीत थर, या खुणा दिसल्या तर तिथून पूर्वी पाणी वाहून गेलंय. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीच लावू नये. वर कुठेतरी दूर पडलेला पाऊसही तिथे अचानक पोहोचतो. जमीन पाणी पिते की नाही हे पाहायला टाच जोरात रोवा. खड्ड्यात पाणी झिरपलं तर माती आधीच भरलेली आहे, पाऊस आला की तिथे डबकं होणार.

कॅम्पच्या मैदानावर एक फसवी जागा हमखास असते. सगळे जिथे तंबू लावतात, तिथलं गवत जाऊन टक्कल पडलेलं असतं. पाहायला ती आयती, साफ आणि सपाट वाटते. पण तुडवून तुडवून तिथली माती घट्ट झालेली असते आणि मधोमध जरा दबलेली असते, म्हणजे उथळ बशीच. शिवाय उघड्या मातीवर पडणारा थेंब चिखल घेऊन उडतो आणि फ्लायच्या खालून इनरवर बसतो. तिच्या शेजारी चार पावलांवर गवत असेल तर तिथे लावा.

झाडाखाली लावावा का, याला सरळ उत्तर नाही. झाडाच्या छत्राखाली रात्री फ्लाय कमी गार पडते, त्यामुळे आतली ओल कमी धरते. वाराही थोडा अडतो. पण पाऊस थांबल्यावरही फांद्यांवरून मोठे थेंब तासन्‌तास टपटपत राहतात, आणि वाळलेली फांदी डोक्यावर असेल तर ती वादळात खाली येते. आडोसा म्हणून झाडांची किंवा झुडपांची रांग वाऱ्याच्या बाजूला थोड्या अंतरावर असणं उत्तम. ऐन फांद्यांखाली मात्र नको. एकट्या उंच झाडाखाली तर विजेमुळे अजिबात नको. तंबू विजेपासून कसलंही संरक्षण देत नाही. गडगडाट जवळ आला तर पक्की इमारत किंवा बंद गाडी हाच निवारा.

वारा अडवायला झुडपं भिंतीपेक्षा बरी पडतात. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करत खाली येतो आणि तंबूला कुठल्याही बाजूने धक्के देतो. झुडपांतून थोडा वारा गाळून जातो, त्यामुळे मागची हवा शांत राहते. दरीचा किंवा खोलगट भागाचा तळही टाळा. शांत रात्री थंड, जड हवा उतरून तिथे साचते. नदी-तळ्याच्या अगदी काठावर दृश्य सुंदर असतं आणि सकाळी सगळं दमट.

तंबूभोवती चर खणायची जुनी पद्धत आता सोडून दिलेली बरी. शिवलेला, काठ वर आलेला तळ असलेल्या तंबूला चराची गरज नसते, आणि खणलेल्या जागेची माती पुढच्या पावसात वाहून जाते. चर खणावासा वाटतोय, म्हणजे जागा चुकली आहे.

तोंड कुठे करायचं

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. म्हणून वाऱ्यासमोर तंबूची कमीत कमी बाजू यायला हवी. बोगद्याच्या आकाराचा तंबू वाऱ्याच्या रेषेतच लावायचा, त्याचं बुटकं टोक, बहुधा पायांकडचं, वाऱ्याकडे. हा तंबू वाऱ्याला आडवा लावला तर कमानी आत दबून अंथरुणावर येतात. घुमटाकार तंबू जास्त समजूतदार असतो, तरी त्याचंही दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला किंवा थोडं तिरकं ठेवायचं. दार अगदी आडोशाच्या मधोमध आलं की पावसाचे थेंब घेऊन फिरणारी हवा कधी कधी तिथेच घुटमळते. तिरकं दार हा चांगला मध्यम मार्ग.

वाऱ्याची दिशा संध्याकाळी बदलते, हे मात्र ध्यानात ठेवा. डोंगराळ भागात दिवसा वारा चढाकडे वाहतो आणि रात्री उताराकडे. पावसाची चिन्हं असतील तर ढग कुठून सरकतायत ते पाहून ठरवा.

उभारणी

उभारायला घेताना दाराच्या झिपा बंद करा. खाली लिहिलेलं सगळं झिप बंद असताना करायचं. उघड्या दाराने पेग, म्हणजे जमिनीत रोवायच्या खुंट्या, ठोकले की तळाचा चौकोन फाकतो आणि रात्री पावसात झिप जुळत नाही. जोर लावला की दाते सुटतात.

वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी पक्के करायचे. वारं असेल तर यात सूट नाही. पोल, म्हणजे तंबूला आकार देणाऱ्या लवचीक काठ्या, घातलेला पण न बांधलेला तंबू उडून जायला एक झोत पुरतो. मग उरलेले दोन कोपरे कर्णाच्या रेषेत बाहेर ओढून ठोका. तळ चौरस बसला की नाही ते दोन्ही कर्णांवरून कळतं: दोन्ही सारख्या लांबीचे हवेत. दोरीचा तुकडा घेऊन मोजायला अर्धा मिनिट लागतो.

पोल खोबणीतून ढकलत न्यायचे, ओढायचे नाहीत. आत रबरी दोरा असतो. ओढलं की सांधे सुटतात आणि अर्धवट सुटलेला सांधा वाकवताना पोल चिरतो.

फ्लाय टाकताना तिच्या शिवणी पोलच्या बरोबर वर आल्या पाहिजेत. फ्लायच्या आतल्या बाजूला पोलभोवती गुंडाळायच्या छोट्या वेल्क्रोच्या पट्ट्या किंवा नाड्या असतात. बहुतेक लोक त्या सोडून देतात, कारण त्या बाहेरून दिसत नाहीत. बाहेरून दोरी बांधायचा फास असतो, त्याच्या बरोबर आत ही पट्टी असते. ती बांधलेली असेल तर बाहेरच्या दोरीचा ओढ थेट पोलला मिळतो. नसेल तर दोरी नुसतं कापड ओढते, पोल आपला वेगळा हलत राहतो, आणि वादळात पहिल्यांदा तिथलीच शिवण उसवते.

आता फ्लायवरच्या सुरकुत्या वाचायच्या. कोपऱ्यातून वर पोलकडे तिरक्या सुरकुत्या गेल्या असतील तर त्या कोपऱ्याचा पेग चुकीच्या दिशेला आहे किंवा फार ओढलाय. तो काढून, कोपरा ज्या दिशेला आपसूक बघतो त्या रेषेत पुन्हा ठोका. दोन पेगांच्या मध्ये काठ सैल, लोंबता असेल तर मधला पेग राहिलाय. छतावर खळगा दिसत असेल तर तिथे पाणी साचणार, आणि साचलेलं पाणी वजनाने खळगा आणखी खोल करत जातं. एका बाजूच्या सुरकुत्या काढताना दुसरीकडे नव्या आल्या तर समजायचं की खालचा चौकोनच वाकडा आहे. मग फ्लायशी झटापट न करता तळाचे कोपरे सुधारा.

तळाखाली वेगळी शीट अंथरणार असाल तर ती तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी आत असली पाहिजे. ती बाहेर डोकावली की फ्लायवरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडतं, सरळ तळाखाली जातं, आणि दोन शीटांच्या मध्ये अडकून बसतं. अशा वेळी शीट नसलेलीच बरी. मोठी असेल तर कडा तळाखाली दुमडून घाला. दुमड खालच्या अंगाला हवी, वर आली तर तिचीच पन्हळ होते.

पेग आणि तणावे

तणावे म्हणजे तंबूला बाहेरून ओढून धरणाऱ्या दोऱ्या. हवा छान असली की त्या पिशवीतच राहतात आणि रात्री वारा सुटल्यावर अंधारात शोधाव्या लागतात. सुरुवातीलाच बांधून टाका, निदान वाऱ्याकडच्या.

पेग दोरीशी साधारण काटकोनात, डोकं तंबूपासून दूर झुकवून ठोकायचा. आणि पूर्ण ठोकायचा: दोरी अडकायची खाच फक्त वर राहावी. पेग दोन-तीन बोटं वर राहिला आणि दोरी त्याच्या टोकाशी बांधली तर वाऱ्याचा प्रत्येक झटका तरफेसारखा काम करतो, भोक रुंदावतं आणि अर्ध्या रात्रीत पेग हाताने निघेल इतका सैल होतो. दोरी नेहमी जमिनीलगत.

घट्ट मातीत १५ ते १८ सेंमीचे पेग चालतात. भुसभुशीत मातीत लांब आणि रुंद पाहिजेत, वाय किंवा व्ही आकाराच्या पात्याचे. गुळगुळीत गोल सळई तिथे फिरते आणि निघते. पाऊस पडून माती मऊ झाली की सगळ्याच पेगांची पकड उतरते, म्हणून महत्त्वाच्या पेगांवर दगड ठेवा किंवा मागे दुसरा पेग ठोकून दोन्ही दोरीने जोडा. वाळूत पेगाचा उपयोगच नाही. पिशवी वाळूने भरून तिला मधोमध दोरी बांधायची, ३० सेंमी खोल पुरायची आणि वरून तुडवून दाबायची. ती हलत नाही.

खडकावर पेग जात नाही तिथे दोन दगडांची युक्ती करा. दोरी एका लहान दगडाला किंवा काठीला बांधायची. मग त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच मोठा दगड ठेवायचा. वारा ओढेल तसा लहान दगड मोठ्याला टेकून अडकतो. मोठ्या दगडाला नुसते वेढे देण्यापेक्षा हे भक्कम, कारण वेढे सरकतात आणि खडबडीत कडेवर दोरी झिजते.

तणावा जिथे बांधलाय त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरावर पेग असावा: एक मीटर उंचीसाठी दीड मीटर. फार जवळ ठोकला तर दोरी खाली ओढते आणि पेगाला वर उपसते. समोरासमोरचे तणावे सारखेच ताणा, नाहीतर पोल एका अंगाला झुकतो. ताण किती? बोटाने दाबल्यावर दोरी थोडी लवली पाहिजे आणि लगेच सरळ झाली पाहिजे. त्याहून जास्त ओढून काही मिळत नाही, शिवणीला भार होतो. दोरीवरचा सरकता अडका सुरुवातीला मध्यावर ठेवा, कारण थोड्या वेळाने पुन्हा ओढायला जागा लागणार आहे.

ती का लागते? नायलॉन भिजलं की लांबतं. संध्याकाळी तंग बसलेली नायलॉनची फ्लाय पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात लोंबायला लागते, इनरला टेकते, आणि 'गळती' सुरू होते. उपाय एवढाच की पाऊस लागल्यावर एक फेरी मारून सगळे अडके बोटभर ओढून घ्यायचे. झोपण्याआधीची ही फेरी स्प्रेच्या बाटलीपेक्षा कामाची आहे. पॉलिएस्टरची फ्लाय जवळजवळ लांबत नाही, म्हणून पावसाळी भागासाठी ती सोयीची.

सुती कापडाच्या तंबूचं सगळं उलटं. सुताचे धागे भिजून फुगतात, विणीतली भोकं बंद होतात, कापड आणि सुती दोरी दोन्ही आखडतात. अशा तंबूच्या दोऱ्या पावसाआधी थोड्या सैल करायच्या असतात, नाहीतर पेग उपटतात किंवा कापड फाटतं. नवा सुती तंबू पहिल्या पावसात झिरपतो; वापराआधी दोन-तीनदा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवला की वीण बसते. भिजलेल्या सुती छताला आतून हात लावू नका. हात लागतो तिथे पाणी आत ओढलं जातं आणि मग टपकत राहतं.

आतून येणारं पाणी

श्वास आणि घाम मिळून एक माणूस रात्रीत पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. दोन माणसांच्या तंबूत हे सहज अर्धा लिटर होतं. उघड्या आकाशाखाली फ्लाय आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडते, आणि थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून जसा घाम सुटतो तसं तिच्या आतल्या बाजूला हे पाणी जमतं. वाऱ्याने फ्लाय थडथडली की त्याचा तुषार खाली येतो आणि झोपलेला माणूस म्हणतो, छत गळतंय.

गळती की दव, हे ओळखायला फ्लायचा आतला भाग फडक्याने पुसा आणि पाहत राहा. बारीक थेंब सगळीकडे सारखे उमटले तर दव. एका रेषेत किंवा एकाच ठिकाणाहून पाणी ओघळलं तर शिवण किंवा भोक. तळाला फक्त मॅटखाली ओल असेल आणि बाजूला कोरडं असेल तर ती बहुधा अंगाची वाफ गार तळावर बसलेली असते.

दवावर उपाय हवा खेळती ठेवणे हाच. खालून गार, कोरडी हवा आत यावी आणि वरच्या झरोक्यातून दमट हवा बाहेर जावी. दोन्ही तोंडं उघडी असतील तरच प्रवाह चालतो. नुसता वरचा झरोका उघडून खालचा काठ बंद केला तर काही हलत नाही. वरचे झरोके पावसातही उघडे ठेवायचे असतात, त्यांवर छज्जा त्यासाठीच असतो. ओले कपडे आणि बूट इनरबाहेर, फ्लायच्या पडवीत. तोंड स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपू नका, श्वासाची ओल बॅगेच्या भरावात जाते. इतकं करूनही, हवा आधीच दमट असेल आणि वारा पडला असेल, तर दव पडणारच. तेव्हा इनर आणि फ्लाय वेगळे ठेवायचे आणि सकाळी फडक्याने फ्लाय पुसून घ्यायची.

थंड झोत कसा अडवायचा

इथेच लोक घोटाळा करतात. थंडी वाजते म्हणून सगळी भोकं बंद करतात, मग सकाळी सगळं ओलं, आणि ओल्या स्लीपिंग बॅगेत पुढच्या रात्री जास्त थंडी. हवा हवी, पण ती अंगावरून वाहायला नको.

वाऱ्याकडच्या बाजूला फ्लायचा काठ जमिनीला टेकेल इतका खाली आणा. पेगाचा फास आखूड करता येतो, किंवा पोलचं टोक खालच्या भोकात बसवता येतं. आडोशाच्या बाजूला काठ ५ ते १० सेंमी वर राहू द्या आणि तिकडचाच झरोका उघडा ठेवा. हवा आडोशाने आत येईल, वरून जाईल, आणि अंगावर झोत येणार नाही. फ्लायला खाली झालर असेल तर ती वाऱ्याकडे पसरून तिच्यावर सपाट दगड ठेवा. चारही बाजूंनी दाबली तर पुन्हा दव.

सॅक इनरच्या आत वाऱ्याकडच्या भिंतीशी, जमिनीलगत रचल्या की झोपलेल्याच्या उंचीवरचा वारा अडतो. कापडाला रेटा बसेल इतक्या टेकवू नका. पूर्ण जाळीचा इनर गरम हवेसाठी असतो. वारा असलेल्या थंड जागी भिंतीच्या निम्म्यापर्यंत तरी कापड असलेला इनर हवा.

कधी कधी झोत म्हणून जी थंडी जाणवते ती खालून येत असते. अंगाखाली स्लीपिंग बॅगचा भराव दबून निरुपयोगी होतो, आणि जमीन उष्णता ओढत राहते. मॅटची ऊब आर-मूल्यात मोजतात: उन्हाळी मुक्कामाला २ चालतं, पाणी गोठण्याइतक्या थंडीला ४ च्या आसपास, बर्फावर ५ किंवा जास्त. दोन मॅट एकावर एक टाकल्या की मूल्यांची बेरीज होते.

आणि ऊब यावी म्हणून तंबूत शेगडी, कोळसे किंवा गॅसचा स्टोव्ह कधीही नाही. पेटलेल्या कुठल्याही इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत माणसाला कळतच नाही. विझत आलेले कोळसेही तितकेच घातक. झोत अडवायला तंबू जेवढा बंद केला असेल तेवढा धोका वाढतो.

पाऊस पडत असताना लावायचा तर

काही तंबूंची फ्लाय आधी उभी राहते आणि इनर खालून लटकतो. पावसात हे सगळ्यात सोयीचं. इनर आधी लागत असेल तर तो पसरल्याबरोबर वर फ्लाय टाका आणि तिच्याखाली हात घालून पोल बसवा. हे घरी कोरड्यात एकदा करून पाहायला हवं, कारण पावसात पोलची टोकं हाताने चाचपून शोधावी लागतात. पिशवीत गोष्टी वापरायच्या उलट क्रमाने भरलेल्या असाव्यात: सर्वांत वर पेग, मग पोल. तळावर थोडं पाणी पडलंच तर स्पंज किंवा शोषणारं फडकं लागतं. ते जवळ असलं की दोन मिनिटांत तळ कोरडा.

पावसात आत-बाहेर करताना दाराची आडोशाकडची झिपच उघडा. पुष्कळ फ्लायांचं दार आत कललेलं असतं, पूर्ण उघडलं की पाऊस थेट इनरवर पडतो.

खरोखर गळत असेल तर

मोकळ्या दिवशी तंबू उभारा आणि पाण्याच्या नळीने तपासा. खालून वर जायचं: आधी काठ, मग बाजूच्या शिवणी, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं पाणी सोडून एकाने आतून पाहायचं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक कुठे ते कळत नाही. संशयित जागा ठरलेल्या असतात: तणाव्यांचे फास शिवलेले ठिपके, शिवणी एकमेकींना छेदतात तो बिंदू, झिपेचं वरचं टोक.

शिवण भरायचा लेप कापडाच्या लेपनाशी, म्हणजे त्यावरच्या पाणी अडवणाऱ्या थराशी, जुळणारा पाहिजे. पॉलियुरेथेनचं लेपन असलेल्या कापडाला पॉलियुरेथेनचा, सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचाच. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, टेपसुद्धा नाही. आतून शिवणीवर कारखान्यात लावलेली टेप दिसत असेल तर ती बाजू बहुधा पॉलियुरेथेनची. सुटलेली टेप सोलून काढा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लेपाचा पातळ थर द्या आणि रात्रभर सुकू द्या. जाड थर तडकतो.

फ्लाय बाहेरून पाणी पिऊन गडद दिसायला लागली म्हणजे गळते असं नाही. वरचा पाणी झटकणारा थर झिजलाय, आतलं लेपन अजून पाणी अडवतंय. पण भिजलेलं कापड जड आणि गार होतं, दव वाढतं. स्प्रेचा खरा उपयोग इथे आहे, आणि तोही कापड धुऊन स्वच्छ केल्यावर.

लेपनाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओला घडी करून ठेवलेला तंबू. ओली फ्लाय वेगळ्या पिशवीत आणा आणि घरी पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत सावलीत पसरून पूर्ण वाळवा. नायलॉनला कडक ऊन सोसत नाही. शिवणी आणि तणाव्यांच्या गाठी सर्वांत शेवटी वाळतात, त्या हाताने चाचपून पाहा. दमट राहिलेलं पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होतं: आधी आंबूस वास, मग कापड चिकट, मग आतला थर पापुद्र्यांनी सुटतो. त्यावर दुरुस्ती नाही. वाळलेला तंबू आवळून पिशवीत कोंबण्यापेक्षा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, आणि पोल पूर्ण दुमडून ठेवण्याऐवजी शक्य असेल तर अर्धवट उघडे, म्हणजे आतला रबरी दोरा ताणलेला राहत नाही.